बांधापलीकडची हळद

आश्विन लागला की दुपारी दोनच्या सुमाराला शेतात जायचं मी शक्यतो टाळते. सकाळी जाते, उन्हं कलल्यावर पुन्हा एक चक्कर मारते, पण दोनला नाही. सकाळी कोणाचीही हळद चांगलीच दिसते. रात्रभर पाणी पिऊन पानं ताठ झालेली असतात, बघणाऱ्याला वाटतं सगळीकडं सुकाळ आहे. खरं काय ते दुपारी कळतं. पाऊस सरल्यावरचं ते कोरडं, टोचणारं ऊन डोक्यावर आलं की ज्या हळदीच्या मुळांना वरची मागणी पुरवता येत नाही, तिची पानं दोन्ही कडांनी आत वळायला लागतात. वळता वळता त्यांची पुंगळी होते. आणि जिची मुळं खोल आणि निरोगी असतात, ती त्याच उन्हात केळीसारखी पानं पसरून उभी राहते. रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसालाही हा फरक दिसतो. शेजारीपाजारी तर थांबून बघतात.

परवा स्नेहलचा फोन आला. माझी मुलगी परभणीला शेतकीच्या कॉलेजात आहे. तिनं विचारलं, "आई, हळद कशी आहे?" मी सांगितलं, चांगली आहे. लगेच तिनं विचारलं, "अन् काकूची?"

इतकी वर्षं झाली, तरी हा दुसरा प्रश्न चुकत नाही. "तिची पण चांगलीच आहे," मी म्हणाले, आणि म्हणायच्या आधी एक घोट पाणी प्यायले.

काकू म्हणजे मंगल. माझी धाकटी जाऊ. ज्या आश्विनाची ही गोष्ट आहे, तेव्हा स्नेहल आठवीत होती आणि आमची वाटणी होऊन एक वर्ष झालं होतं.

माझं माहेर वसमतचं. वडील कचेरीत कारकून. घरात शेती नव्हती, त्यामुळं हळद मी मोंढ्यातच पाहिलेली. पोत्यांच्या थप्प्या, हमालांच्या पिवळ्या झालेल्या बंड्या, आणि उन्हाळ्यात त्या भागातून गेलं की नाकात बसणारी ती कडवट धूळ. बारावी सायन्स केलं, पुढं कॉलेजात एक वर्ष वनस्पतीशास्त्र शिकले. त्या वर्षातली एकच दुपार मला लख्ख आठवते. सरांनी पानाची पातळ साल काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली होती. मी डोळा लावला तर आत शेकडो बारीक ओठ. दोन-दोन ओठांची जोडी आणि मधे फट. सर म्हणाले, "झाड याच तोंडांनी हवा घेतं आणि याच तोंडांनी पाणी गमावतं. तोंड मिटलं तर पाणी वाचतं, पण उपास घडतो." मी घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, बरं, आता कणीक मळ.

दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी डोंगरकड्याजवळच्या या गावात आले. ते ओठ मात्र माझ्याबरोबर आले. सासरी कोणी त्याबद्दल विचारलं नाही आणि मी सांगितलंही नाही. पण बांधावरून चालताना मनात कुठंतरी असायचं, की या अख्ख्या शिवारात पर्णरंध्र हा शब्द माहीत असलेली बाई मी एकटीच आहे. माणसाला अशी एखादी गोष्ट लागतेच. मला ती होती.

मंगल माझ्यानंतर सहा वर्षांनी घरात आली. कनेरगाव नाक्याच्या पलीकडच्या एका वस्तीवरची, चौथीत शाळा सुटून लिहायचंही विसरलेली. सही करायला तिला मी शिकवलं. माझे दीर ट्रकवर असायचे, महिन्याचे वीस दिवस बाहेर, त्यामुळं वाटणीनंतर तिचं शेत तीच बघायची. रस्त्याला लागून असलेला वरचा तुकडा आमच्या वाट्याला आला, नाल्याकडचा खालचा तिच्या. मधे एक बांध. वरचा तुकडा आपल्याला मिळाला म्हणून मी तेव्हा मनातल्या मनात सुखावले होते.

हळद दोघींनी एकाच बेण्याची लावली, एकाच आठवड्यात. विहीर एकच, ठिबकही दोन्हीकडं. तरी तिनं लागवडीआधी एक गोष्ट वेगळी केली. पंधरा दिवस भर उन्हात फावडं घेऊन तिनं आपले वाफे गुडघ्याच्या निम्म्यापर्यंत उंच केले.

"आक्का, तुमी बी जरा उंच करा," ती बांधावरून म्हणाली. "आपली माती लई चिकट हाय."

"उंचावर नेऊन ठेवलंस तर मुळाला पाणी मिळणार कसं?" मी विचारलं.

ती नुसती हसली. तिचं हसणं मला तेव्हा अडाणीपणाचं वाटलं.

श्रावणात पावसानं दडी मारली. आम्ही ठिबक रोज चालवत होतो. मंगलनं आपलं चार-चार दिवस बंद ठेवलं. वाफ्यांवर उसाचं पाचट अंथरलं आणि रोपं जराशी मलूल दिसली तरी वॉल्व्हला हात लावला नाही. मी तिला म्हटलं, "अगं, तहानलीय ती." तर म्हणाली, "तहानू द्या की. लेकराच्या तोंडाशी सारखं दूध धरलं तर ते रांगंल कशाला? खाली पाणी हाय, तिला जाऊ द्या हुडकत." मला वाटलं, आळस आहे, त्याला शहाणपणाचं नाव देते आहे.

मग आश्विन आला.

पहिल्या दिवशी मी फारसं मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण घेऊन गेले तर माझ्या सगळ्या शेताच्या पुंगळ्या झाल्या होत्या, आणि बांधापलीकडं तेच ऊन, तीच हवा, आणि हळद अशी पसरलेली की खालची जमीन दिसत नव्हती. मी डबा हातात घेऊन तशीच उभी राहिले. अंगात काहीतरी गरम चढलं. त्याला नाव द्यायला मला पुढं बरेच दिवस लागले. तेव्हा मी म्हटलं, ऊन लागलं असेल.

संध्याकाळी जेवताना हे म्हणाले, "मंगलची हळद पाह्यली का? काय डौल हाय!" त्यांच्या मनात काही नव्हतं. ते चांगल्या बैलाबद्दलही असंच बोलतात. पण पुढची भाकर मी ताटात जरा जोरातच टाकली. त्यांनी वर बघितलं, मग खाली बघून जेवायला लागले.

रस्ता आमच्या बाजूला होता, म्हणजे लोक थांबायचे ते माझ्या शेतापाशी, आणि माझ्या शेतावरून नजर टाकून तिचं शेत बघायचे. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं सुद्धा, "वरच्या तुकड्याला पाणी कमी पडून राहिलं का, बाई?" पाणी कमी! मी तिच्या दुप्पट पाणी देत होते.

हे सगळंही मी गिळलं असतं. पण त्याच महिन्यात स्नेहलच्या शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन होतं आणि तिच्या बाईंनी विषय दिला होता, झाड पाणी कसं घेतं आणि कसं सोडतं.

मला किती आनंद झाला हे सांगून खरं वाटणार नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला माझ्या विषयातलं विचारणार होतं. मी तिला बसवलं. मनुका पाण्यात टाकून फुगवून दाखवल्या. निशिगंधाची पांढरी दांडी निळ्या शाईच्या पाण्यात ठेवली, सकाळपर्यंत पाकळ्यांच्या कडा निळसर झाल्या. मी सांगितलं, पाणी खालून कोणी ढकलत नाही, पानं वरून ओढतात. परासरण, केशाकर्षण, बाष्पोत्सर्जन, सगळे शब्द लिहून दिले. तिनं नीट उतरवून घेतले. मग वही मिटून म्हणाली, "आई, मी काकूच्या शेतात जाऊन येते."

आली ती दोन तासांनी, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि डोळ्यांत अशी चमक की निळं फूल बघताना ती मला दिसली नव्हती. काकूनं तिला हळदीचं एक अख्खं रोप उपटून दिलं होतं. मुळं धुऊन बोटांत धरून दाखवली होती, पांढरी कोणती, तपकिरी कोणती, पिणारी कोणती, नुसतं धरून ठेवणारी कोणती. एका पानाला प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती आणि आत जमलेलं पाणी दोघींनी चमच्यात घेतलं होतं.

"अन् हौदापाशी काकूचा अळू आहे ना, त्याच्या पानाच्या टोकाला सकाळी थेंब असतात. मी म्हटलं दव आहे. तर काकू म्हणाली, दव न्हवं ते."

"बरोबर," मी घाईनं म्हणाले, "त्याला बिंदुस्राव म्हणतात. मुळांच्या दाबानं..."

"काकू म्हणाली, अळू रातभर पेतो अन् पोट भरलं की पहाटे जास्तीचं टोकातून सांडतो."

प्रदर्शनात तिनं हेच वाक्य लिहिलं. जसंच्या तसं, मोठ्या अक्षरात, काकूचं नाव घालून. बाईंना ते फार आवडलं. स्नेहलला बक्षीस मिळालं आणि ते घेऊन ती शाळेतून थेट खालच्या शेतात गेली. मी घरी शिरा करून वाट बघत होते.

त्या दिवशी मला त्या गरम गोष्टीचं नाव कळलं. हेवा. मंगलच्या पिकाचा हेवा मी एकवेळ सोसला असता. पण माझ्याकडं एकच गोष्ट होती, आणि ती ज्या बाईला मी सही करायला शिकवलं तिनं चिखलात उभं राहून, एकही शब्द पाठ न करता, माझ्या मुलीच्या हातात ठेवली होती. माझ्याजवळ शब्द उरले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी पाणी वाढवलं. हे शेतात नसले की मोटार चालू करायची आणि वीज असेपर्यंत चालू ठेवायची. दुपारी पानं वळलेली दिसली की वाटायचं अजून कमी पडतंय. आणखी द्यायचं. मातीत पाय टाकला की घोट्यापर्यंत जायचा. मी बांधापलीकडं बघायची आणि परत वॉल्व्हकडं जायची. दहा-बारा दिवस हेच चाललं. पानांची टोकं पिवळी झाली, मग तांबूस. मी ते खताच्या माथी मारलं.

आणि एका दुपारी परतीचा पाऊस आला. दोन तास कोसळला आणि माझ्या शेताचं तळं झालं. वाफे दिसेनात, नुसत्या ओळीनं उभ्या पुंगळ्या आणि मधे गढूळ पाणी. खाली मंगलचे उंच वाफे काळेभोर, ओले, पण वर होते.

सकाळी मी एकटीच कुदळ घेऊन गेले. पाणी काढायला रस्त्याच्या कडेनं चर खणता आला असता. लांब पडला असता, दिवसभराचं काम होतं, पण करता आला असता. मी तिकडं गेलेच नाही. मी बांधाच्या खालच्या कोपऱ्यात गेले, आणि बांध फोडला. पाणी खळखळ करत मंगलच्या वाफ्यांमधे शिरलं. त्या वेळी मनात काय होतं हे मला स्वच्छ आठवतं. माझं वाचावं हे होतं. पण तिचं बुडावं हेही होतं, आणि कुदळीचे शेवटचे दोन-तीन घाव त्या दुसऱ्या इच्छेचे होते.

दुपारी मंगल शेतात आली. मी रस्त्याच्या बाजूनं ओरडून सांगितलं, "पावसानं बांध फुटला बघ!"

तिनं फुटलेल्या जागी जाऊन बघितलं. वाकून माती हातात घेतली. मग म्हणाली, "व्हय, फुटला."

तिनं फावडं आणलं. मला वाटलं आता बुजवेल. पण ती आपल्याच शेतात कोपऱ्यातून नाल्यापर्यंत चर खणायला लागली, उभी हळद उपटून बाजूला टाकत. मला वाटलं, बाकीचं शेत वाचवायला करते आहे. दिवस मावळेपर्यंत ती खणत होती. मी घरी निघून आले.

तिसऱ्या दिवशी ती बांध ओलांडून माझ्याकडं आली. न विचारता एक रोप धरून ओढलं. खोड सहज हातात आलं, कंद खालीच राहिला. तिनं खोडाचं टोक नाकाशी नेलं आणि मग माझ्यापुढं केलं. सडका, आंबूस वास.

"आक्का, पाणी बंद करा."

"पानं सुकून राहिलीत मंगल, अन् तू म्हणतीस पाणी बंद करा?"

"पाण्यात उभी हाय अन् तहानली हाय," ती म्हणाली. "तिला पेता येईना. मुळीला बी दम घ्यावा लागतो की. तुमी तिचं नाकतोंड बुडवलंय."

मी खालीच बसले, बांधावर. कारण हे उत्तर मला येत होतं. कॉलेजच्या परीक्षेत हा प्रश्न आला होता, पाणथळ जमिनीत झाड का कोमेजते, आणि मी त्याला पूर्ण मार्क मिळवले होते. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरतात, हवा उरत नाही, मुळं श्वास घेऊ शकत नाहीत, म्हणून पाणी शोषू शकत नाहीत. एक एक वाक्य आठवलं. ते सगळं माझ्या डोक्यात होतं आणि मी पंधरा दिवस उलट करत होते, कारण माझं लक्ष माझ्या मुळांकडं नव्हतंच, बांधापलीकडच्या पानांकडं होतं.

त्यानंतर आठ दिवस मंगल माझ्याबरोबर माझ्या शेतात राबली. वाफ्यांमधे चऱ्या काढल्या, सडलेली रोपं उपटून लांब नेऊन टाकली, मुळांशी माती मोकळी केली. कमरेत वाकून काम करताना ती फारसं बोलायची नाही. मी तिच्या हातांकडं बघायची. माती बोटांनी चाचपून ती सांगायची, इथं अजून ओल लई हाय, इथं ठीक हाय. मी तशी चाचपून बघायची आणि मला काही कळायचं नाही. तेव्हाही, ती माझं शेत वाचवत असताना, मी जळत होते. हे लिहायला लाज वाटते, पण खोटं लिहायला जास्त वाटेल.

निम्मी हळद वाचली. दिवाळीनंतर तिनं पुन्हा पानं उभी धरली. मंगलची सगळी उत्तम आली, तिचा तो खालचा कोपरा सोडून.

फाल्गुनात हळद निघाली. शिजवायची कढई दोन्ही घरांत मिळून एकच होती, म्हणून आम्ही दोघी एकत्रच शिजवायला बसलो. शेताच्या कडेला चूल, वर कढई, तोंडावर ओली पोती. शिजणाऱ्या हळदीचा तो वास ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल, मातीचा, औषधाचा आणि कच्च्या आंब्याचा एकत्र. दुपारची वेळ होती. स्नेहल शाळेत, हे गाडी आणायला गेलेले. मंगल लाकडी दांड्यानं हळद ढवळत होती. तिच्या बुडालेल्या कोपऱ्यातले कंद वेगळे ठेवले होते, बारके, डागाळलेले, विकण्याजोगे नव्हते. त्यांच्याकडं बघता बघता माझ्या तोंडून निघून गेलं.

"मंगल, तो बांध पावसानं नव्हता फुटला."

तिनं ढवळणं थांबवलं नाही. "म्हाईत हाय मला."

"कसं काय?"

"पावसानं फुटला तर माती वाहून माह्या अंगाला आली असती. ती तुमच्या अंगाला रचलेली व्हती. कुदळीनं वढलेली."

म्हणजे पहिल्या दिवसापासून. "व्हय, फुटला," असं ती म्हणाली तेव्हापासून.

"मग काहून बोलली न्हाईस?"

"बोलले असते तर लाजून बुजवला असता तुमी," ती म्हणाली. "अन् मग तुमची समदीच गेली असती. पाण्याला लगोलग जायला दुसरी जागा न्हवती."

"अन् तू तो चर खणला, उभी हळद उपटून..."

"नाला माह्याच अंगाला हाय की." तिनं पोत्याचं टोक उचलून एक कंद बाहेर काढला, काडी टोचून बघितली. काडी आरपार गेली. "शिजली बराबर. आक्का, जाळ वढा आता."

मी जाळ ओढला. लाकडं बाजूला केली, त्यांच्यावर पाणी मारलं. मंगलनं पोती काढली आणि वाफेचा एक मोठा लोट आमच्या दोघींच्या मधे उभा राहिला, पलीकडची ती दिसेनाशी झाली. ती तिकडून कढईचं कडं धरायला हाक मारत होती.

तिच्या हळदीचा हेवा करणं सोपं होतं. पुढच्या वर्षी मीही वाफे उंच केले, पाचट टाकलं, श्रावणात ठिबक बंद ठेवायला शिकले, आणि माझी हळदही आता दुपारी उभी राहते, जरी दोनला जाऊन ती बघणं मी अजून टाळते. पण त्या वाफेतून पुढं होऊन मी कढईचं कडं धरलं, आणि पलीकडं तिचा घामेजलेला, कसलाच हिशेब नसलेला चेहरा दिसला, तेव्हा मला जो हेवा वाटला तो आजवर कमी झालेला नाही. तिच्यासारखं होण्यासाठी कुठून सुरुवात करायची, हे मात्र मी तिला अजून विचारलेलं नाही.